एर्मेलिंदाच्या वाट्याचा बांध

ला होयिता गावात पाटाची सफाई मार्चच्या शेवटच्या शनिवारी होते, आणि त्या दिवशी पाटकऱ्याचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. देवाला निदान नवस तरी बोलता येतो. देल्फिदो अर्चुलेतापुढे तेही चालत नसे. बावीस वर्षं तो गावचा पाटकरी होता, आणि बावीस वर्षांत त्यानं कुणाला एक फावडं माती माफ केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

रीत जुनी होती. पाटाच्या पाण्यात ज्याचा वाटा, त्यानं सफाईला एक माणूस फावड्यासकट पाठवायचा. पाटकरी पुढे चालणार, आपल्या फावड्याच्या दांड्यानं प्रत्येकाचा हिस्सा मोजून देणार. ज्याचा हिस्सा अंधार पडेपर्यंत पुरा झाला नाही, त्याची त्या वर्षीची पाण्याची पाळी गेली. मग तो रडो, भांडो, नाहीतर चर्चमध्ये मेणबत्त्या लावो.

त्या शनिवारी पाटाच्या मुखाशी चौतीस फावडी जमली, आणि त्यांत सहासष्ट वर्षांची एक बाई होती. एर्मेलिंदा, देल्फिदोची धाकटी बहीण. दरवर्षी तिचा हिस्सा चुलतभाऊ सेलेदोन खणायचा आणि बदल्यात दोन पेट्या सफरचंदं न्यायचा. आदल्या संध्याकाळी मात्र तो दारात येऊन हातातली टोपी फिरवत उभा राहिला.

"एर्मे, माझी कंबर धरली आहे गं."

"काल तर लाकडं फोडत होतास."

"काल धरली नव्हती."

त्यानं नजर वर केली नाही. कंबर कुणी धरली ते एर्मेलिंदाला कळलं. तिनं त्याला कॉफी दिली, घरी पाठवलं आणि नवऱ्याचं जुनं फावडं दगडावर घासायला घेतलं.

भाऊ तिला पाण्यात पाहायचा तो तळ्यामुळे. पाटाच्या मुखाच्या वर, तिच्या नवऱ्यानं, ओनोफ्रेनं, मागे ठेवलेल्या जमिनीत रियो चिकितो ओढ्यावर बीव्हरांनी, म्हणजे झाडं कुरतडून ओढे अडवणाऱ्या चपट्या शेपटीच्या मोठ्या उंदरांनी, बांध घातले होते. मधला बांध छातीइतका उंच. त्यामागे तळं, तळ्याभोवती दलदल, वाळुंजाची दाटी, आणि खाली काळा गाळ. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून ती निवृत्त झाली, ओनोफ्रे गेला, आणि नेमकी त्याच वर्षी विद्यापीठातून हॅना लिंडक्विस्ट नावाची एक बाई लांब नळी घेऊन दारात आली. "तुमच्या गाळात ही खुपसू का?" म्हणाली. त्याला बारा वर्षं झाली. हॅना वर्षातून दोनदा यायची. बाकीचं सगळं एर्मेलिंदा करायची: पाण्याची उंची, गाळाची खोली, नमुने, नोंदी. तळं तिचं असं नव्हतं, बीव्हरांचंच होतं. पण त्याच्याविषयी तिच्याइतकं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि असं काही आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हाती लागलं होतं.

डिसेंबरच्या सभेत ती पाटकरीपदासाठी भावाविरुद्ध उभी राहिली. हौस म्हणून नाही. देल्फिदो उन्हाळाभर बांध फोडायची भाषा करत होता, आणि या ओढ्यावर आपला शब्द चालला तरच तळं वाचेल हे तिनं ओळखलं होतं. तिनं सभेत टेबलावर गाळाचा एक उभा नमुना ठेवला, हातभर लांब, काळाकुट्ट.

"हे पान बघा," ती म्हणाली. "आपल्या पणजोबांच्या वेळचं आहे. बोट फिरवा, शीर लागते. पाण्याखाली गाळात हवा शिरत नाही, म्हणून हे कुजत नाही. झाडांनी हवेतून ओढलेला सगळा कार्बन असा थरावर थर दाबून बसलाय. माणसाच्या दीडपट खोल. बांध फुटला की हवा आत जाणार, आणि चारशे वर्षांचं साठलेलं धूर होऊन वर जाणार."

"म्हणजे," देल्फिदो खुर्चीत रेलून म्हणाला, "माझ्या मक्याला पाणी नाही, पण पाचोळा मात्र पणजोबांच्या वेळचा, एकदम ताजा!"

सगळं सभागृह हसलं.

"तळं पाणी खात नाही, देल्फिदो. धरून ठेवतं. ऑगस्टमध्ये तुझ्या मक्याला जे मिळतं ना, ते ह्याच गाळातून झिरपलेलं असतं."

"ऐकलंत? आता पाणीही पाटकऱ्याचं नाही, उंदरांचं!"

तिला तीन मतं पडली. एक तिचं, एक सेलेदोनचं आणि एक म्हाताऱ्या पात्रोसिनियोचं, तो बहुतेक झोपेत हात वर करून आळस देत होता. देल्फिदोला एकतीस पडली. दुसरा कुणी असता तर एकतीस मोजून घरी गेला असता. देल्फिदोनं ती तीन मोजली.

तर तो शनिवार. देल्फिदोनं पाटाच्या मुखाशी यादी उघडली आणि सख्ख्या बहिणीचं नाव परक्यासारखं वाचलं.

"एर्मेलिंदा, ओनोफ्रेची विधवा. एक हिस्सा."

पाटात हिस्सा मोजण्याऐवजी तो उलट वळला आणि ओढ्याकाठानं वर चालू लागला. सगळे मागे. मधल्या बांधावर चढून त्यानं आपलं फावडं आडवं टाकलं, एक, दोन, तीन, सहा दांडे मोजले आणि दोन्ही टोकांना टाच मारून खूण केली.

"हा तुझा."

"हा पाट नाही," ती म्हणाली. "ही माझी जमीन आहे."

"पाटाचं पाणी जिथून येतं तिथवर पाट. बाबांच्या वेळपासून."

"सरकारी परवानगी आहे?"

"हा पाट सरकारच्या आधीचा आहे. सरकारनं आपल्याला विचारावं."

लोक हसले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. निम्मे तिच्या हाताखाली शिकलेले. कुणाला अपूर्णांक येत नव्हते, कुणी पोटात दुखतंय सांगून पळायचा, तिला सगळं आठवत होतं. एकानंही पाऊल पुढे टाकलं नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

"नाही खणलं तर?"

"तर पाळी गेली. चाळीस झाडं आहेत ना तुझी? जुलैपर्यंत वाळतील. मला काय, मला सफरचंद चावत नाही, दात नाहीत."

ती झाडं तिनं आणि ओनोफ्रेनं लग्नाच्या पहिल्या वर्षी लावली होती. पोरंबाळं झाली नाहीत, झाडं झाली. सेलेदोनला पाठवलेला निरोप, ही यादी, ही चौतीस माणसं, हे सगळं त्यानं हिवाळाभर बसून जुळवलेलं आहे, हे तिला त्या क्षणी दिसलं. बांध त्याला कधीही फोडता आला असता. त्याला तो तिच्या हातानं फुटायला हवा होता.

ती खणू लागली.

बीव्हरचा बांध म्हणजे नुसती माती नव्हे. काटक्या, खोडं, दगड, चिखल, सगळं एकमेकांत विणलेलं. फावडं दर घावाला अडकायचं. मग हातानं काटक्या उपसायच्या. पाणी वितळत्या बर्फाचं. दहाच्या सुमाराला तिला बोटं जाणवेनाशी झाली. बाकीच्यांनी आपापले हिस्से आटोपले आणि बारा वाजता बांधाच्या दोन्ही बाजूंना बसून चांदीच्या कागदातले, पोळीत गुंडाळलेले बीन्स नि मिरचीचे बुरितो सोडले. कुणीतरी तिच्यासाठी एक पुढे केला, तर देल्फिदो म्हणाला, "हिस्सा झाल्यावर. रीत आहे."

"पुरे झालं ना आता?" तिनं एकदा विचारलं. पाणी वरून वाहायला लागलं होतं.

"आणखी खाली. तळाचा गोटा दिसला पाहिजे."

दोनच्या सुमाराला बांधानं एकदम जीव सोडला. पाणी असं आलं की ती दहा हात खाली जाऊन आपटली. माणसांनी आरोळी ठोकली, टोप्या उडवल्या. पाट काठोकाठ भरला. तिला उठवायला सेलेदोनसुद्धा नव्हता, तो घरी कंबर धरून बसला होता. ती स्वतःच उठली.

तळं रिकामं झालं तसं घरट्याचं दार उघडं पडलं. एक बीव्हर बाहेर आला, चिखलातून पोट ओढत ओढ्याकडे निघाला. बेनितो नावाच्या इसमानं, जो चौथीत दोनदा बसला होता, त्याच्या डोक्यात फावडं घातलं. मादी होती, गाभण. देल्फिदोनं तिला शेपटीनं उचललं आणि बहिणीच्या पायाशी टाकलं.

"तुझ्या विद्यापीठाच्या बाईला पाठव. नळीत घालेल."

मग त्यानं हात पुढे केला, आणि थकव्यानं म्हणा, सवयीनं म्हणा, तिनं तो धरला. "काम चांगलं केलंस," तो म्हणाला. "सेलेदोनपेक्षा बरं."

त्या हातमिळवणीचा तिला पुढे बांध फोडल्याहून जास्त राग आला.

पाट एकोणीस दिवस दुथडी वाहिला. देल्फिदो त्याच्या काठानं नवरदेवासारखा फिरायचा. एप्रिलच्या शेवटी हॅना आली. उघड्या पडलेल्या गाळावर तिनं सुटणारा वायू मोजायची पेटी उलटी ठेवली, पेटीला नळ्या जोडल्या आणि आकडे वाचता वाचता तिच्या डोळ्यांना धार लागली.

"काय म्हणतोय गाळ?" एर्मेलिंदानं विचारलं.

"श्वास घेतोय, बाई. इतकी वर्षं दार बंद होतं. आता हवा आत चालली आहे आणि आतलं सगळं बाहेर. बांध पुन्हा घालता येईल, पण गेलेलं परत यायला चारशे वर्षं लागतील."

हॅना रडली. एर्मेलिंदा रडली नाही. एकदा रडायला लागलो तर कुणाला तरी मारून थांबू, असं तिला वाटत होतं.

मे संपता संपता ओढ्याची करंगळी झाली. गाळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, आणि वरचा थर चुलीतल्या राखेसारखा हलका झाला. पाटात बेडूक मेले. आता तरी लोक देल्फिदोला विचारतील अशी तिची वेडी आशा होती. गाव काय म्हणालं? एर्मेलिंदानं शाप दिला. दुकानात तिला पाहून बायका गप्प व्हायच्या. ज्यांनी बुटांकडे बघितलं होतं तेच आता तिच्याकडे डोळे वटारून बघायला लागले. तिची पाळी शाबूत होती, पण पाळीला द्यायला पाणी नव्हतं.

अकरा जूनला कोरडी वीज डोंगरावर पडली आणि वणवा घळीतून खाली आला. सहा वर्षांपूर्वीही आला होता, तेव्हा तळ्याच्या ओल्या काठाशी येऊन धुमसून मेला होता. या वेळी तळ्याची जागा त्याला अंथरलेल्या सतरंजीसारखी मिळाली. तो सुकलेल्या वाळुंजांवरून धावत एर्मेलिंदाच्या बागेत शिरला आणि चाळीसपैकी एकतीस झाडं घेऊन गेला. गावातली पाच घरं गेली, त्यांत सेलेदोनचं. एर्मेलिंदाचं पत्र्याचं घर राहिलं. ज्या झाडांसाठी तिनं बांध फोडला, ती बांध फोडल्यामुळे जळाली. हा हिशेब तिनं जळक्या बुंध्यांमध्ये उभं राहून एकदाच मांडला.

आग विझवणाऱ्यांचा मुख्य जाताना तिला सांगून गेला, "वरची विझली. गाळातली विझत नाही, बाई. आत जुनी खोडं आहेत, मुळं आहेत, पाचोळा आहे. मोठा पाऊस होईपर्यंत आतल्या आत जळत राहील. वरून राख शांत दिसते, खाली भट्टी असते. कुणाला पाय ठेवू देऊ नका. सोमवारी आम्ही पिवळी पट्टी लावतो."

तिला बारा वर्षांची सवय. ती लोखंडी कांब घेऊन तळ्याच्या कडेकडेनं फिरली आणि लांबूनच टोचत गेली. कुठे कांब कडक मातीला लागायची. कुठे आपोआप आत जायची आणि हात भाजेल इतकी तापून वर यायची. शनिवार संध्याकाळपर्यंत तिला सगळी जागा पाठ झाली होती. कुठून चालता येतं आणि कुठे नाही, हे जगात फक्त तिला माहीत होतं.

रविवारी दुपारी डोंगरावर ढग चढले. वणव्यानंतरचा पहिला पाऊस म्हणजे राखेचा लोंढा. पाटाचं मुख उघडं असेल तर लोंढा सरळ पाटात, आणि राख-चिखलानं बुजलेला पाट दोन वर्षं उपसत बसा. देल्फिदो धावतपळत आला. ओढ्याकाठची खालची वाट जळकी झाडं पडून बंद झाली होती. वरून वळसा घेऊन मुखाकडे उतरायला मधे ती तळ्याची काळी सपाट जागाच तेवढी उरली होती, शंभरेक पावलांची. कडेला त्याची बहीण कांब धरून उभी होती.

तो तिच्याजवळ थांबला. धाप लागली होती. ढगांकडे बघितलं, काळ्या जागेकडे बघितलं, कांबेकडे बघितलं. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला काहीतरी विचारलं.

"एर्मे, इथून जाता येईल का गं?"

डावीकडून, बुंध्याला धरून वळसा घातला असता तर जाता येत होतं. तीन शब्दांचं काम होतं. तिच्या तोंडाशी ते आलेही होते. पण त्यांच्या आधी बाकी सगळं आलं: सहा दांडे, गारठलेली बोटं, ती भरल्या पोटाची मादी, तो हात. एक गोष्ट त्याला द्यायची तिची आत्ता, या क्षणी, मनापासून, लहानपणापासूनच्या सगळ्या ताकदीनिशी इच्छा नव्हती. ती गोष्ट म्हणजे मदत.

"जा," ती म्हणाली.

"सरळ?"

"सरळ."

त्यानं तिच्यावर विश्वास ठेवला. हे नंतर तिला सगळ्यात जास्त आठवायचं, की तो एकदाही न थबकता गेला. अकरा पावलं. बाराव्याला राखेचा पापुद्रा फुटला आणि तो गुडघ्यांपर्यंत आत गेला. आधी त्याचा चेहरा नुसता आश्चर्यानं उघडला. मग आवाज आला. असा आवाज तिनं माणसाकडून ऐकला नव्हता.

ती धावली. खोटं कशाला सांगा, आधी एक क्षण ती उभी राहिली, पण मग धावली. डावीकडून, बुंध्याला धरून, एकही पाऊल न चुकता. पोटावर पडून तिनं कांब त्याच्या हातात दिली आणि खेचलं. त्याच्या बुटांचे तळवे वितळून आतच राहिले. तिच्या कोपरापर्यंत फोड आले. तेवढ्यात पाऊस सुरू झाला, आणि ती भावाला काखेत धरून फरफटत नेत असताना राखेचा लोंढा उघड्या मुखातून पाटात शिरला.

आल्बुकर्की शहरातल्या इस्पितळात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. उजव्याचा पंजा गेला. गावात मात्र एर्मेलिंदाची वाहवा झाली. सहासष्ट वर्षांची बाई, भट्टीत हात घालून भावाला ओढून काढते! ज्या बायका तोंड फिरवायच्या त्या लाल मिरचीचं मटण आणि भोपळ्याच्या गोड करंज्या घेऊन आल्या. बेनितोनं न सांगता तिचं जळकं कुंपण उभं केलं. ती सगळं घेत गेली.

जुलैच्या शेवटी ती भावाला भेटायला गेली. तो उशांवर टेकून बसला होता, वाळलेला, दाढी वाढलेली. सुंभ जळलं तरी पीळ जळत नाही. परिचारिकेला तो उशी नीट लावता येत नाही म्हणून झापत होता. ती गेल्यावर त्यानं बहिणीला जवळ बसायला सांगितलं.

"हात दाखव."

तिनं पट्ट्या बांधलेले हात दाखवले.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

खोटं बोलायचं तर आत्ताच बोलायला हवं होतं.

"हो."

"पाऊल अन् पाऊल माहीत होतं. मला काढायला आलीस तेव्हा कशी आलीस ते मी बघितलं ना. मी आत जळत होतो आणि बघत होतो, ही वळसा घालून येते आहे."

"हो, देल्फिदो."

तो ओरडेल, पोलिसांना बोलावेल, निदान थुंकेल, याची ती तयारी करून आली होती. रात्री रात्री तिनं उत्तरं जुळवली होती. त्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि मग त्याचा बोळका जबडा हळूहळू पसरला. तो हसत होता.

"मीही तेच केलं असतं," तो म्हणाला. "तसंच केलं असतं. बाबा म्हणायचे, एर्मे मऊ आहे, तिला शाळेत पाठवा. बाबांना काही कळत नव्हतं. तू माझीच बहीण."

"असं बोलू नकोस."

"का नको? बावीस वर्षं मी बघतोय, माझ्यानंतर कोण. सगळे बुळे. बुटांकडे बघणारे. पाट भला माणूस नाही चालवू शकत, एर्मे. जो सख्ख्या भावाला 'सरळ जा' म्हणू शकतो तो चालवतो." दम लागून तो थांबला. "मी निरोप धाडलाय गावात. डिसेंबरात तुला उभं करायचं. पाटकरी तूच. मग घाल तुझे बांध, पाळ तुझे उंदीर. कोण अडवतंय बघू."

इथं तिनं उठून यायला हवं होतं. बारा वर्षं, एकतीस झाडं, एक मेलेली मादी आणि चारशे वर्षांचा धूर, एवढ्यानंतर या माणसाच्या तोंडची शाबासकी विषासारखी लागायला हवी होती. तशी ती लागली नाही. सहासष्ट वर्षांत तो पहिल्यांदाच तिला चांगलं म्हणाला होता, आणि तिच्या छातीत काहीतरी ऊबदार, लाजिरवाणं, शाळकरी पोरीसारखं उमललं. तिला आनंद झाला होता. तिला स्वतःची किळस आली, पण आनंद काही गेला नाही.

तिनं खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"कुणाकुणाला निरोप धाडलास?" तिनं विचारलं.